डिकीतले तीन लिटर

बेलापूरला आमची वसाहत बैठ्या घरांची आहे. सिडकोने हे शहर आखले तेव्हा अशा वसाहतींच्या मधोमध मोकळी जागा सोडली होती, आणि आमच्या वाट्याला आलेल्या त्या जागेला आम्ही मोठ्या हौसेने बाग म्हणतो. मे महिन्यात तिथे नुसती तांबडी माती असते. जुलैच्या मध्यावर मात्र गवत गुडघ्याला लागते, पारसिकच्या डोंगराकडून एखादा साप उतरून आल्याची बातमी येते, आणि संध्याकाळी मुलांना बागेत पाठवायला कोणी धजत नाही. काही वर्षांपूर्वी सर्वांनी वर्गणी काढून पेट्रोलवर चालणारा ग्रासकटर घेतला. माळीदादा तो चालवतात, हिशेब खजिनदार ठेवतात, आणि पेट्रोल आणण्याचे काम, माझी गाडी बहुधा दारातच उभी असते या एवढ्याच पात्रतेवर, माझ्याकडे आले.

पहिल्या वर्षी मी ते काम सगळे करतात तसेच केले. पाण्याची दोन लिटरची रिकामी बाटली घेतली, पंपावरच्या मुलाला गळ घातली, बाटली गळ्यापर्यंत भरून घेतली, टोपण घट्ट पिळले आणि पिशवीत घालून डिकीत आडवी ठेवली. त्या दिवशी भाजी घ्यायची होती आणि इस्त्रीचे कपडे आणायचे होते, म्हणून मध्ये दोनदा गाडी उन्हात उभी केली. घरी पोचून डिकी उघडली तेव्हा वासाचा असा भपकारा आला की मी दोन पावले मागे सरलो. बाटली फुगून टणक झाली होती, टोपणाच्या कडेने पेट्रोल झिरपले होते आणि डिकीतला गालिचा ताटाएवढ्या भागात ओला झाला होता. पुढचे तीन आठवडे गाडीत बसले की मुलीचे डोके दुखायचे. शेवटी गालिचा काढून दोन दिवस गच्चीवर वाळत टाकावा लागला. त्या वेळी मला वाईट वाटले ते गालिच्याचे. भीती वाटली ती नंतर, पेट्रोलविषयी थोडे वाचून कागदावर हिशेब मांडला तेव्हा.

माझ्या वयाच्या बहुतेक मराठी माणसांची ज्वालाग्राही द्रवाविषयीची समज रॉकेलवर घडलेली आहे. रेशनच्या रांगेतून कॅनमध्ये आणलेले रॉकेल, मोरीच्या कोपऱ्यात ठेवलेला तो कॅन, स्टोव्हमध्ये नरसाळ्याने ओतताना सांडलेले चार थेंब आणि ते पुसून तिथेच टाकलेली चिंधी, हे सगळे आपण लहानपणी पाहिले आणि त्यातून बहुतेक वेळा काहीही वाईट घडले नाही. रॉकेल क्षमाशील आहे, कारण साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय त्यातून पेट घेण्याइतकी वाफ निघत नाही. पेट्रोलच्या बाबतीत हाच आकडा उणे ४० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे नवी मुंबईत तर सोडाच, लेह-लडाखच्या थंडीतही उघडे पेट्रोल पेट घेण्यास तयारच असते. रॉकेलवर कमावलेला आत्मविश्वास पेट्रोलला लावणे हीच पहिली चूक, आणि बाटली डिकीत आडवी ठेवताना मी नेमकी तीच केली होती.

दुसरी गोष्ट अशी की जळते ती वाफ. द्रव पेट्रोल हे त्या वाफेचे कोठार. ही वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते, त्यामुळे ती वर उडून जात नाही. सांडलेल्या पाण्यासारखी तळाशी साचते आणि उताराकडे सरकते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत असले की एक ठिणगी पुरते. त्याखाली मिश्रण फार पातळ, त्यावर फार दाट. हे आकडे मी आमच्या गाडीला लावून पाहिले. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडाले तर ढोबळमानाने पावणेदोनशे लिटर वाफ होते. छोट्या गाडीची डिकी साधारण तीनशे लिटरची धरली तर तिच्यातली हवा पेटण्याजोगी व्हायला चार-सव्वाचार लिटर वाफ पुरे, आणि तेवढी वाफ तयार व्हायला पेट्रोल लागते केवळ पंचवीस मिलिलिटरच्या आत-बाहेर. खोकल्याच्या औषधाची दोन टोपणे भरतील एवढेच. माझ्या गालिच्यात त्याहून नक्कीच जास्त मुरले होते. हिशेब ढोबळ आहे, कारण हॅचबॅकची डिकी हवाबंद नसते आणि वाफ सगळीकडे सारखी पसरत नाही; तरी त्या दिवशी डिकीतल्या दिव्याच्या बटणाने किंवा सेंट्रल लॉकच्या मोटरने एखादी बारीक ठिणगी टाकली नाही, यात माझ्या शहाणपणाचा वाटा काहीच नव्हता.

त्यानंतर मी नियम शोधले. पेट्रोलियम कायदा १९३४ सालचा आहे आणि त्याखालचे सध्याचे नियम २००२ सालचे. पेट्रोल ‘अ’ वर्गात मोडते, कारण २३ अंशांच्या खालीच पेट घेणारे सगळे पेट्रोलियम पदार्थ त्या वर्गात येतात. विक्रीसाठी नसलेले असे पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत बाळगायला किंवा वाहून न्यायला परवाना लागत नाही, हे कायद्याच्या आठव्या कलमात स्पष्ट आहे. मात्र ते काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या घट्ट बुचाच्या भांड्यातच असले पाहिजे, काच किंवा चिनी मातीचे भांडे एका लिटरपेक्षा मोठे असता कामा नये आणि धातूचे २५ लिटरपेक्षा. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला या यादीत जागाच नाही. एक लिटरहून मोठा डबा वापरायचा तर तो मुख्य विस्फोटक नियंत्रकांनी मान्य केलेल्या प्रकारचा हवा, असे नियम पुढे सांगतात. या नियंत्रकांच्या संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय नागपूरला आहे आणि पश्चिम विभागाचे कार्यालय आमच्याच सीबीडी बेलापूरच्या केंद्र सरकारी संकुलात. वर्षानुवर्षे मी त्या इमारतीवरून भाजीची पिशवी घेऊन चालत गेलो आहे आणि आत काय चालते याचा कधी विचारही केला नव्हता.

म्हणून आता आमच्याकडे पाच लिटरचा, पत्र्याचा, मान्यतेचा शिक्का असलेला डबा आहे. तो घेताना रंगापेक्षा बूच पाहावे. बुचाच्या आत रबराचा वायसर असतो. तो पेट्रोलला टिकणारा आहे ना, कडक पडून चिरला नाही ना, हे महत्त्वाचे, कारण डबा कितीही जाड पत्र्याचा असला तरी गळणार तो तिथूनच. आम्ही वायसर दर पावसाळ्याच्या सुरुवातीला बदलतो. डबा रिकामा असताना त्यात थोडे पाणी घालून, बूच लावून, उलटा धरून पाहतो आणि मग पूर्ण वाळवतो. नरसाळेही धातूचे, आणि ते दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायचे नाही, अशी ताकीद आहे. (तरी ते एकदा गणपतीच्या दिवसांत समईत तेल ओतायला नेलेले मी पाहिले. सुदैवाने वासावरून ते वेळीच परत आले.)

डबा आणला म्हणजे पेट्रोल मिळते असे नाही. सुट्या पेट्रोलचा गैरवापर झाल्याच्या घटनांमुळे ठिकठिकाणी पोलिसांचे मनाई आदेश निघतात आणि बाटलीत किंवा कॅनमध्ये पेट्रोल मिळणार नाही, अशा पाट्या पंपावर लागतात. परवाना लागत नाही म्हणजे पंपवाल्याने दिलेच पाहिजे, असा अर्थ होत नाही. पहिल्यांदा मला हा अन्याय वाटला होता. आता वाटत नाही. आमच्या सोसायटीने लेटरहेडवर एक पत्र करून ठेवले आहे, त्यात यंत्राचा प्रकार, महिन्याला लागणारे पेट्रोल आणि आणणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. ते पत्र, यंत्राच्या पावतीची प्रत आणि माझे ओळखपत्र घेऊन मी व्यवस्थापकाला गर्दी नसताना भेटतो. एका पंपाने नकार दिला तर वाद न घालता दुसऱ्याकडे जातो. जिथे होकार मिळाला तिथेच आता दर वेळी जातो, आणि डबा पाहिल्यावर तिथला माणूस स्वतःच म्हणतो, ‘काका, गाडी पुढे घ्या, डबा खाली ठेवा.’

डबा खाली ठेवायचा, या तीन शब्दांमागे बरेच काही आहे. नळीतून पेट्रोल जोराने वाहते तेव्हा त्या वाहण्यानेच त्यात स्थिर विद्युतभार तयार होतो. लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा कपडा काढताना चटचट आवाज येतो, त्याच जातीची ही वीज. डबा जमिनीवर असला तर हा भार पत्र्यातून जमिनीत उतरतो. तोच डबा डिकीतल्या गालिच्यावर किंवा प्लॅस्टिकच्या टबात ठेवून भरला तर भाराला वाट मिळत नाही, तो साचतो आणि नळीचे धातूचे टोक जवळ आले की उडी मारतो, तीही नेमकी बुचाच्या तोंडाशी, जिथे वाफ सर्वात जास्त असते. म्हणून गाडीचे इंजिन बंद करून मी डबा गाडीपासून दोन-तीन पावलांवर सिमेंटच्या जमिनीवर ठेवतो, नळीचे टोक डब्याच्या तोंडाला टेकलेले राहील असे भरून घेतो आणि नळी हळू सोडायला सांगतो. डबा हातात घेण्यापूर्वी गाडीच्या दाराच्या उघड्या धातूला हात लावतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत हा भार तसाही फार टिकत नाही; खरी काळजी ऑक्टोबरनंतरची, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या सकाळची. पण ऋतूप्रमाणे सवय बदलायची म्हटले की चुकीच्या ऋतूत चुकीची सवय हाताला लागते, म्हणून बारा महिने एकच पद्धत.

पाच लिटरच्या डब्यात मी तीन, फार तर चार लिटर घेतो. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथून येणारे पेट्रोल त्यामानाने गार असते, आणि तापले की ते फुगते: दर अंशाला हजारात साधारण एक भाग. ऊन पडलेल्या गाडीत तापमान पन्नासच्या पुढे जाणे आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. २८ अंशांवर काठोकाठ भरलेला पाच लिटरचा डबा ५५ अंशांपर्यंत तापला तर आतले पेट्रोल सव्वाशे-दीडशे मिलिलिटरने वाढते, म्हणजे चहाच्या कपाएवढ्या पेट्रोलला जागा हवी आणि ती डब्यात नाही. मग ते बुचाशी भांडते. माझी बाटली फुगून टणक झाली होती ती याच भांडणात, आणि तिच्या टोपणाची ताकद सरबताला पुरेल एवढीच होती.

आता गाडीत कुठे ठेवायचे. सीटवर नाही, पायाशी नाही, आणि मांडीवर घेऊन बसणाऱ्यांविषयी मी काही बोलू इच्छित नाही. डिकीत ठेवायला भाजीवाल्यांकडे असतो तसा एक कॅरेट मी राखून ठेवला आहे. त्यात डबा उभा बसतो, भोवताली जुने सुती टॉवेल दाटून भरले की तो हलत नाही, आणि कॅरेट मागच्या सीटच्या पाठीला पट्ट्याने बांधलेला असतो, त्यामुळे करकचून ब्रेक लागला तरी जागा सोडत नाही. डबा उभाच हवा, कारण आडव्या डब्यात पेट्रोल सतत बुचावर टेकलेले राहते. त्याच डिकीत जॅक, पाने, जंपर केबल अशा धातूच्या वस्तू सुट्या पडलेल्या असतील तर त्या आधी बाहेर काढतो. खड्ड्यात त्यांनी पत्र्यावर ठोके घालू नयेत.

सीएनजीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. ठाणे आणि नवी मुंबईत सीएनजीच्या गाड्या खूप आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या डिकीत टाकी आडवी बसलेली असते. तिच्या शेजारच्या वीतभर जागेत पेट्रोलचा डबा कोंबणे मला पटत नाही. टाकी मजबूत असते हे खरे. दर तीन वर्षांनी तिची दाबाची चाचणी करून घ्यावी लागते ती त्यासाठीच. माझा आक्षेप टाकीवर नसून जागेवर आहे. डबा तिथे उभा राहत नाही, बांधता येत नाही, आणि वास आलाच तर तो कशाचा, हे कळत नाही. आमची नवी गाडी सीएनजीची आहे, म्हणून पेट्रोलच्या दिवशी मी शेजाऱ्यांची जुनी हॅचबॅक मागून नेतो आणि त्या बदल्यात त्यांच्या कुंड्यांना पाणी घालतो.

प्रवास जितका लहान तितका चांगला, कारण वाफेला वेळ मिळता कामा नये. सगळी कामे आधी उरकायची, पेट्रोल शेवटी घ्यायचे आणि तिथून थेट घरी. मी रविवारी सकाळी सातला निघतो. पंप तीन किलोमीटरवर आहे, येऊन-जाऊन वीस मिनिटे पुरतात. गाडीत मी एकटाच असतो, मुले नाहीत आणि ‘जरा येतो तुमच्याबरोबर’ म्हणणारे कोणी नाही. मागच्या दोन्ही काचा बोटभर खाली असतात, आणि एसी लावायचाच झाला तर बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडी ठेवून. आतलीच हवा फिरवत ठेवणाऱ्या बटणाने वाफही आतच फिरत राहते. त्या वासाचा त्रास केवळ नाकाला होत नाही. पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकते, आणि बेंझिन कर्करोगाला कारण ठरते हे निर्विवाद आहे. सिगारेटचे तर सांगायलाच नको. पण डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे सकाळी उदबत्ती लावून निघण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि त्या दिवशी देवाला फक्त नमस्कार करावा.

रिक्षा, बस आणि लोकल यांतून पेट्रोल नेण्याचा प्रश्नच येत नाही. रेल्वे कायद्याच्या १६४व्या कलमाखाली धोकादायक माल गाडीत आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि भरलेल्या पनवेल लोकलमध्ये पेट्रोलची बाटली ही कल्पना कायदा नसता तरी अंगावर काटा आणणारीच आहे. स्कूटरच्या पायाशी बाटली ठेवून नेणारे रोज दिसतात. तिथे हवा खेळती असते हे मान्य, पण घसरून पडले की बाटली, पेट्रोल, तापलेले इंजिन आणि माणूस सगळे एकाच ठिकाणी येतात.

कधी पेट्रोलऐवजी यंत्रच गाडीतून न्यावे लागते. आमचा ग्रासकटर दुरुस्तीला तुर्भ्याला जातो, आणि काही मंडळी तो कर्जतच्या किंवा मुरबाडच्या शेतघरापर्यंत नेण्यासाठी मागतात. लोकांना वाटते डबा नेला नाही म्हणजे पेट्रोल नेले नाही. यंत्राच्या टाकीत लिटरभर पेट्रोल सहज असते, टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते, आणि लांब दांड्यामुळे यंत्र गाडीत नेहमी आडवेच ठेवावे लागते. थोडक्यात, ती माझ्या पाण्याच्या बाटलीची सख्खी बहीण. म्हणून नेण्यापूर्वी टाकी डब्यात रिकामी करतो आणि यंत्र बागेतच चालू करून कार्बुरेटरमधले उरलेसुरले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबतो. नंतर किमान अर्धा तास ते गार होऊ देतो, कारण सायलेन्सर बराच वेळ तापलेला राहतो आणि तो गाडीच्या सीटला टेकला तर पेट्रोलची वाट न पाहताच जाळतो.

डबा घरी पोचला की काम संपले असे आमच्या समितीला पूर्वी वाटत असे आणि डबा मीटरच्या खोलीत जात असे, कारण कुलूप तिथेच होते. आपल्या सोसायट्यांमध्ये ज्याला जागा नाही ते सगळे मीटरच्या खोलीत किंवा पाण्याच्या पंपाच्या खोलीत जाते. पंपाचा स्टार्टर दिवसातून चार वेळा आपोआप चालू-बंद होतो आणि प्रत्येक वेळी त्याच्या आत ठिणगी उडते. जमिनीलगत साचलेली वाफ आणि ही ठिणगी यांची भेट व्हायला बूच एकदा सैल राहणे पुरेसे आहे. या मुद्द्यावर आमची जवळजवळ भांडणे झाली. अखेरीस बागेच्या टोकाला, भिंतीपासून सुटी, खाली-वर जाळीचे झरोके असलेली लोखंडी पेटी ठेवली, तिच्यावर पत्र्याचे छप्पर केले आणि किल्ली माळीदादांकडे दिली. खालचा झरोका वाफेसाठी आहे हे मी प्रत्येक नव्या समितीला पुन्हा सांगतो, कारण दर वर्षी कोणी तरी पावसाचे पाणी येते म्हणून तो बुजवायला निघते. ज्यांच्या इमारतीला तळघरात पार्किंग आहे त्यांनी डबा गाडीतच ठेवून खाली गाडी लावू नये. जड वाफ तळघरातून आपणहून वर चढून येत नाही.

किती आणायचे याचा निर्णयही सुरक्षिततेचाच भाग आहे. आमचे यंत्र तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल पिते, बाग कापायला दोन तास लागतात आणि पावसाळ्यात पंधरवड्याला एकदा कापावी लागते. म्हणजे महिन्याला तीन लिटर. मग पाच लिटर ‘असू दे’ म्हणून का आणावे? त्यातून आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. नवी मुंबईच्या जुलैमध्ये अर्धवट भरलेला डबा सारखा उघडत राहिले तर आतल्या पेट्रोलमध्ये पाणी वाढत जाते, प्रमाणाबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात, यंत्र सुरू होत नाही आणि पत्र्याला आतून गंज चढतो. गंजाचे बारीक छिद्र डिकीत कळण्यापेक्षा महिन्याचा साठा महिन्यात संपवलेला बरा. ज्यांचे यंत्र दोन स्ट्रोकचे आहे त्यांनी तेल घरी येऊनच मिसळावे, एका लिटरला ५०:१ प्रमाणाने २० मिलिलिटर आणि २५:१ प्रमाणाने ४०, आणि डब्यावर ठळक लिहून ठेवावे. आमचे यंत्र चार स्ट्रोकचे असल्याने तो व्याप आम्हाला नाही.

बॅटरीवरचे यंत्र का घेत नाही, असे समितीत दर वर्षी विचारले जाते. छोट्या हिरवळीसाठी ते उत्तमच आहे, आणि माझ्या एकट्याची बाग असती तर मी कधीच घेतले असते. आमचे जुलैतले ओले, जाड गवत कापताना मागून आणलेल्या यंत्राची बॅटरी अर्ध्या बागेतच संपली, आणि दुसऱ्या बॅटरीच्या किमतीवर सभा बरखास्त झाली.

वाटेत वास आला तर काय करायचे, हे निघण्यापूर्वी ठरवून ठेवावे, कारण त्या क्षणी सुचत नाही. वास आल्यावर ‘दोनच मिनिटांवर घर आहे’ हा विचार मनात येतोच. तो ऐकायचा नाही. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, बाहेर यावे आणि सगळी दारे व डिकी उघडून हवा जाऊ द्यावी. डबा बाहेर काढून मोकळ्या जमिनीवर ठेवावा, सांडलेल्यावर कोरडी माती किंवा वाळू टाकावी, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय किल्ली फिरवू नये. भिजलेली फडकी पुन्हा गाडीत टाकू नयेत. आग लागलीच तर पाणी मारायचे नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, ते पाण्यावर तरंगत जाऊन आग पसरवते. ड्रायव्हरच्या सीटखाली मी एक किलोचे कोरड्या पावडरीचे अग्निशामक ठेवतो, पण ते सुरुवातीच्या लहान ज्वाळेपुरते. डिकीच पेटली असेल तर माणसांना लांब न्यायचे आणि १०१ किंवा ११२ लावायचा.

दसरा झाला की आमच्याकडे गवताची वाढ थांबते आणि शेवटचे लिटर-अर्धा लिटर पेट्रोल डब्यात उरते. त्यात तेल मिसळलेले नसल्यामुळे ते नरसाळ्याने माळीदादांच्या स्कूटरमध्ये जाते, इंजिन गार असताना आणि बागेतच. मागे राहतो रिकामा डबा, आणि तोच मला वर्षभरातला सर्वात फसवा वाटतो. भरलेल्या डब्यात हवेला जागा कमी आणि वाफ इतकी दाट असते की ती आतल्या आत सहसा पेटत नाही. रिकाम्या डब्यात मात्र तळाशी चिकटलेल्या चार थेंबांची वाफ विरत विरत त्या १.४ ते ७.६ टक्क्यांमध्ये येऊन थांबते. एका वर्षी गंज पाहायला म्हणून एकाने बुचाच्या तोंडाशी लायटर नेला होता, आणि मी तो हातातून अक्षरशः हिसकावून घेतला. आता डबा बूच काढून, घरांपासून लांब, मोकळ्या हवेत सावलीत दोन दिवस उपडा ठेवतो, आणि आत पाहायचे ते सकाळच्या उजेडातच. वास पूर्ण गेला की बूच लावून तो पेटीत जातो, वायसर काढून खजिनदारांच्या ड्रॉवरमध्ये, आणि नव्या वायसरचे वीस रुपये पुढच्या जूनच्या हिशेबात.